कोस्त्युकचा उजवा हात
"हाड जुळलंय, पण मूठ वळत नाही," फिजिओथेरपिस्ट नोरीन म्हणाली.

मग तिने डेलमार कोस्त्युकला सगळं तोंडावर सांगितलं. वय छत्तीस, दिवसाला एक पाकीट सिगारेट, त्याच हाडाला दुसऱ्यांदा मार. अशा हातात निम्मी ताकद आली तरी खूप.

डेलमारचं पोट त्याच मुठीवर चालायचं. आइस हॉकीत गोल करायला दुसरे होते. हा संघाने मारामारीसाठी ठेवलेला गडी. नदीपलीकडच्या संघातल्या लाइल टेसिएने स्टिक हाणून त्याचा हात मोडला होता. मूठ वळली नाही तर संघ त्याला नारळ देणार, हे गावातलं शेंबडं पोरही सांगू शकलं असतं.

"एक गोष्ट मात्र कुठल्याच आकड्यात बसत नाही," नोरीन म्हणाली. "माणसाला हात कशासाठी हवाय, ती. तुम्हाला कशासाठी हवाय?"

"टेसिएचा जबडा फोडायला, बाई."

हॉकीतलं आपल्याला ओ की ठो कळत नाही, असं ती म्हणायची. याला तुरुंग होत नाही का, एवढंच तिने विचारलं. डेलमारला हसू आलं. रस्त्यावर फोडला तर होतो, त्याने सांगितलं. बर्फावर दोघांनी हातमोजे टाकले की फार तर पाच मिनिटं बाहेर बसायचं.

तेव्हापासून रबराचा गोळा दाबणं सुरू झालं. नोरीनचं स्वतःचं मनगट जरा वाकडं होतं. पायऱ्यांवरून घसरले, म्हणायची. दुखणं हिला ठाऊक आहे, म्हणून डेलमारचा तिच्यावर विश्वास बसला. तो कंटाळला की ती नदीपलीकडच्या रोग्यांकडून ऐकलेलं सांगायची. कोस्त्युकच्या हाताचा उकडलेला बटाटा झालाय, असं टेसिए म्हणतो. एकदा तर डेलमारच्या गेलेल्या आईबद्दलही काही बोलला म्हणे. डेलमारच्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्याने सिगारेट सोडली. चौदाव्या आठवड्यात उजवी मूठ डावीपेक्षा घट्ट वळली.

सामन्यात टेसिए आपणहून जवळ आला. "हात बरा झाला वाटतं. चांगलं झालं, गड्या."

डेलमारला तो खवचटपणा वाटला. हातमोजे पडले. पहिल्या ठोशात ओठ फाटला, दुसऱ्यात जबडा मोडला. टेसिए पडला तो हात अंगाखाली घेऊन, आणि डेलमार छातीवर बसून मारतच राहिला. तीन पंचांनी ओढून काढलं तेव्हा बर्फ लाल झाला होता. बाहेर बसल्यावर त्याला कितीतरी महिन्यांनी शांत वाटलं.

राग बर्फावरच सोडायचा, ही या धंद्यातली रीत. दुसऱ्या दिवशी सकाळी तो बिअर घेऊन इस्पितळात गेला. जबडा तारेने बांधलाय, हात दोन ठिकाणी मोडलाय, नर्स म्हणाली. आत बायको आहे, तिला विचारा.

डेलमारने पडदा सारला.

नोरीन टेसिएला नळीने सूप पाजत होती. सुपातून वाफा निघत होत्या. तिच्या बाह्या आज कोपरापर्यंत गुंडाळलेल्या होत्या आणि दोन्ही हातांवर बोटांचे हिरवे-निळे वळ होते. टेसिए डोळे फाडून तिच्याकडे बघत होता.

"यांना बरं व्हायला फार वेळ लागेल," ती म्हणाली. "घरी मीच बघणार आहे."