ब्लाइंड

"वहिनी, पानं उचलू नका, ब्लाइंड खेळा," मुकुंदभावजी माझ्या कानात पुटपुटले. "तुम्ही पानं बघितली की ती तुमच्या तोंडावर छापून येतात आणि आत्याबाई तिथूनच वाचतात."

म्हणून मी पानं पालथीच ठेवली आणि चिंचोके पुढे सरकवत राहिले. आत्याबाई म्हणजे माझ्या आत्तेसासूबाई. तीन पत्तीत त्यांना घरात कुणीच हरवलेलं नव्हतं. मी जिंकले तर यंदा गौरीजेवणाच्या पुरणपोळ्या बाहेरून येणार होत्या. त्या जिंकल्या तर अख्ख्या गोतावळ्यासाठी मीच लाटणार होते.

आत्याबाईंनी आपली पानं बघितली, मग माझं तोंड बघितलं. तिथं काहीच छापलेलं नव्हतं, कारण मलाच काही माहीत नव्हतं.

"अगं, निदान घाबर तरी!" त्या वैतागल्या.

मी आणखी एक चिंचोका सरकवला. माझ्या मनगटावरच्या क्रेप बँडेजकडे त्यांनी जरा वेळ पाहिलं आणि पानं खाली टाकली. "पॅक!"

भावजींनी दोघींचीही पानं उलटली. माझ्याकडे दुर्री, पंजी, सत्ती. त्यांच्याकडे तीन राजे!

"आत्याबाई, तीन राजे टाकून देतं का कुणी?"

"हल्ली धड दिसत नाही रे. मला ते गुलाम वाटले."

"अहो, तीन गुलामांनीसुद्धा जिंकला असतात!"

"तू गप्प बस, मेल्या." मग माझ्याकडे वळून त्या म्हणाल्या, "आणि तू गं, पोळ्या नीट बघून मागव हो. पुरण पार काठापर्यंत हवं."