चुकूनसुद्धा नाही

"नाही गं राणी. परत बघ."

स्पीकरमधून पद्मजाचाच आवाज आला. उमाने पुन्हा चुकीचं बटण दाबलं होतं.

पडदा: चार चित्रं. लाल चौकटीत गाय, पिवळ्या चौकटीत चप्पल, हिरव्या चौकटीत कप, निळ्या चौकटीत छत्री.

वर मधोमध गाईचंच मोठं चित्र आणि प्रश्न: गाय कुठली?

की-बोर्डवर पुठ्ठा होता. त्याच्या भोकांतून चारच बटणं दिसत, त्यांवर त्याच रंगांच्या टिकल्या. उमाचं बोट लाल टिकलीवरून गेलं, क्षणभर थांबलं आणि पिवळीवर पडलं.

"नाही गं राणी. परत बघ."

पद्मजाने खुर्ची पुढे ओढली. परत मागे नेली. ती शिकवत होती त्या कुळगावच्या मतिमंद मुलांच्या शाळेत कॉम्प्युटर आणला तो विष्णुपंतांनी. अंबरनाथच्या कारखान्यातून ते मोठ्या हुद्द्यावरून निवृत्त झाले होते, आता शाळेचे विश्वस्त होते. त्यांनीच ठरवलं होतं: ज्यांना हा धडा जमेल ती मुलं जूननंतर राहतील. बाकीच्यांनी घरी. जागा कमी, रांग मोठी.

"माणूस दया दाखवतो, पद्मजाबाई. मशीन दाखवत नाही," ते मागच्या खुर्चीवरून म्हणाले.

बाहेर बाकावर उमाचा बाप हिरामण बसला होता. बेलवलीहून सकाळीच आला होता. मघाशी दारात पद्मजाला म्हणाला, "बाई, घरी तं तिला बांधूनच ठेवायला लागल. आमी दोघंबी शेतावर."

पडदा: छत्री कुठली?

पिवळी टिकली. चप्पल.

"नाही गं राणी. परत बघ."

स्वतःचा तो गोड आवाज पद्मजाला सहन होईना. वर्गात ती असं कधी बोलत नसे. वर्गात कुणी चावत असे, कुणी कपडे ओले करत असे. राणी म्हणायला वेळ कुठे होता. ते वाक्य तिच्याकडून बोलून घेतलं उल्हासनगरच्या नानिकने. धडा त्यानेच तयार केला होता. "मॅडम, गलती पे प्यार से बोलो. बच्चा डर जाएगा." ती प्यार से बोलली. बरोबर उत्तराला काय बोलू, विचारलं तर तो म्हणाला, "डिस्क में उसकी जगह नहीं बची. टिंग बजा देंगे, स्टार दे देंगे. बहुत है."

पडदा: कप कुठला?

निळी टिकली. छत्री.

"नाही गं राणी..."

"पुरे," विष्णुपंत उठले. "तासभर बघतोय. एक तरी बरोबर यावं? चुकूनसुद्धा नाही. आंधळ्याने बोट ठेवलं असतं तरी एखादं लागलं असतं."

ते दाराकडे वळले. हिरामण बाहेर उभा राहिला होता, टोपी हातात.

चुकूनसुद्धा नाही.

पद्मजा जागेवरच थबकली. मग तिने हात लांब करून स्पीकरचं बटण पूर्ण उलटं फिरवून आवाज बंद केला.

"एक मिनिट, पंत. फक्त एक मिनिट."

पडदा: चप्पल कुठली?

उमाने हिरवी टिकली दाबली. कप. चूक.

काहीच नाही.

उमाने वाट पाहिली. स्पीकरला कान लावला. त्याला चापट मारली. परत हिरवी. काहीच नाही. मग मान वळवून ती पद्मजाच्या तोंडाकडे बघत राहिली. पद्मजाने ओठ घट्ट मिटले होते.

उमा पडद्याकडे वळली.

पिवळी. चप्पल. स्टार.

मागे वळून बघितलं. पद्मजाचं तोंड.

लाल. गाय. स्टार.

परत मागे.

निळी, छत्री. हिरवी, कप. चित्रं बदलली: कुत्रा, कुलूप, केळं, पंखा. लाल, निळी, पिवळी, हिरवी. कुठेच बोट अडलं नाही. प्रत्येक स्टारनंतर मान मागे.

विष्णुपंत दारातून परत आले होते. उमाच्या खुर्चीच्या पाठीला धरून ते वाकून बघत होते. "मघाशी हिला येत नव्हतं..." ते म्हणाले.

पडदा स्टारांनी भरला. उमा उठली. पद्मजाची हनुवटी दोन्ही हातांत धरून तिने तो चेहरा आपल्याकडे ओढला.

"ही बोलत नाय," ती स्पीकरकडे बघून म्हणाली. "तू बोल."