पहिल्याच भागात

“आबा, एवढ्या लांब कशाला आला?” मायाक्काने दार अर्धंच उघडलं होतं.

“पोरगी टीवीवर यायची आन् मी रानात बसू व्हय?” सिद्धाप्पा आत आले. डोक्याला नवा पटका, खांद्यावर घोंगडं, हातात पेढ्यांचा पुडा.

“टीवीवर न्हाय. मोबाईलवर.”

“एकच की ते. वाडीत समद्यांना सांगून आलोय. हरिबाच्या घरामागं रेंज घावती, तितं बसल्यात सगळी.”

मायाक्काने घड्याळाकडे पाहिलं. सहा वाजायला सोळा मिनिटं होती, आणि सहा वाजता लागणाऱ्या पहिल्याच भागात ती मरणार होती.

खरं तर मेली होती महिन्याभरापूर्वीच. खेळ तेव्हा झाला होता, दिसणार होता आज. ‘एकच जीव’ या मालिकेचं तसंच असतं. कॉम्प्युटरवरच्या ठोकळ्या-ठोकळ्यांच्या जगात बारा जण आपापल्या घरातून उतरतात, घरं बांधतात, लढतात. बाकीच्या खेळांत माणूस मरतो आणि कपडे झटकून पुन्हा उभा राहतो. इथे मेला की संपला. त्या मालिकेत तो पुन्हा कधीच दिसत नाही.

मायाक्काने आतापर्यंतचे पाचही हंगाम सांगोल्याकडच्या माळावर मेंढरांमागे हिंडता हिंडता पाहिले होते. कोण कितव्या भागात कसा गेला, हे तिला तोंडपाठ होतं. तिची लाडकी खेळाडू बिजली कड्यावरून पडली त्या दिवशी ती जेवली नव्हती. पोट दुखतंय म्हणून आईला सांगितलं होतं. एका न पाहिलेल्या बाईसाठी उपास धरला हे आईला कुठल्या तोंडाने सांगायचं?

सहाव्या हंगामात एक जागा प्रेक्षकासाठी ठेवली. हजारोंनी अर्ज केले. निवड झाली मायाक्काची. ती आता सोलापुरात कॉलेजला होती, शुक्रवार पेठेत चंद्रिकाकाकूंच्या याच माडीवर भाड्याने राहत होती. काकूंच्या मुलाच्या कॉम्प्युटरवर ती खेळली. अट एकच : भाग दिसेपर्यंत निकाल कुणाला सांगायचा नाही.

तिने नाही सांगितला. आबांना तर नाहीच. सगळ्या भावकीच्या विरोधात जाऊन त्यांनी तिला शहरात धाडलं होतं. “शिकून काय करती रं तुजी पोरगी?” असं कुणी विचारलं की आबा मेंढरं हाकत पुढे निघत. आता कुठे त्यांना उत्तर सापडलं होतं, तर ते आजच्या भागातच संपणार होतं.

चंद्रिकाकाकू चहा घेऊन वर आल्या. “काय ओ मामा, लग्नाला आल्यागत आलाय की!”

“लग्नात काय, कुनीबी उभं ऱ्हातंय, ताई. हितं हजारातनं निवडलीया.”

काकूंनी फोन चटणीच्या बरणीला टेकवून ठेवला. सहा वाजले.

पडद्यावर सकाळ झाली. अकरा जण लोखंड खणायला धावले, तलवारी घडवायला लागले. मायाक्का मात्र कुरणात भटकणारी मेंढरं गोळा करून त्यांच्याभोवती कुंपण घालत होती. वस्ताद म्हणून एक खेळाडू होता, पाच हंगाम न मेलेला एकटाच. त्याचा हसरा आवाज आला, “अगं, लोखंड शोध! मेंढ्या काय, इथे पाहिजे तेवढ्या मिळतात.”

आबा पुढे सरकले. चहावर साय धरली.

मग पडद्यावर दिवस मावळला. अंधार पडला की तिथे मुडदे चालायला लागतात. वस्ताद ओरडला, “मायाक्का, आत ये, दार लाव!”

पडद्यावरची मायाक्का कुंपणाच्या दारात उभी होती. तिची नजर एकेका मेंढीवरून सरकत होती.

“ही काय करायलीय?” काकूंनी विचारलं.

“मोजतीया,” आबा म्हणाले.

सोळा भरली. सतरावं कोकरू ओढ्यापलीकडे राहिलं होतं. त्या खेळात कोकराला काही किंमत नाही. एक मेलं तर दुसरं मिळतं. हे मालिकेच्या प्रत्येक चाहत्याला ठाऊक असतं, आणि मायाक्काएवढं कुणालाच नसेल. तरी ती बाहेर पडली. ओढा ओलांडला, कोकराला मागून ढकलत ढकलत आणलं. दार जरा जास्त उघडं राहिलं असतं तर बाकीची सोळा बाहेर उधळली असती. तिने फटीतून कोकरू आत सारलं आणि दार लावून घेतलं. बाहेरून.

तीन मुडदे तिच्या पाठीशी होते. पडदा लाल झाला. ‘मायाक्का बाद.’

मालिकेत हशा पिकला. कुणीतरी बँऽऽ करून ओरडलं. खाली बघणाऱ्यांचे भराभर शेरे पडू लागले. मेंढीबाई. सर्वांत मूर्ख मरण. हिला घेतलंच कुणी?

“अय्यो! एवढ्यात?” काकूंचा हात तोंडावर गेला. “एका कोकरापायी?”

मायाक्का फरशीकडे बघत म्हणाली, “मला ठाऊक होतं, आबा. सांगायची बंदी होती. वाडीत तुमची मान खाली गेली…”

आबांनी पटका काढून मांडीवर ठेवला. डोळे अजून त्या लाल पडद्यावरच होते.

त्यांचा फोन वाजला. वाडीतला गलका खोलीभर झाला, त्यातून हरिबाचा आवाज आला, “सिद्धाप्पा! आरं, पोरगी पयल्याच भागात गेली की रं!”

आबा उठून खिडकीशी गेले. माळावर पलीकडच्या टेकडीला हाक घालायचा त्यांचा आवाज. गल्लीतली माणसं मान वर करून बघायला लागली.

“ती गेली ते समद्यांनीच बघितलं, हरिबा! सतराच्या सतरा आत घालून गेली, ते बघितलंस का?”