'म'ची गाठ

ओस पडलेल्या आमच्या गल्लीत आता पुन्हा गर्दी असते. मोबाईल समोर धरला की बंद दुकानं उघडी दिसतात, अगदी पूर्वीसारखी. ही करामत माझ्या नातीची. जुन्या फोटोंवरून तिने ती घडवली.

आज बघतो तर लोक माझ्याच शिवणकामाच्या दुकानापुढे मोबाईल धरून हसत होते. माझी छाती फुगली. दुकानावरची पाटी मी मोठेपणी अक्षरं शिकल्या शिकल्या स्वतः रंगवली होती.

नात कानाशी येऊन म्हणाली, "आबा, उद्या दुरुस्त करते हं. काय लिहिलंय ते वाचा तरी."

मी वाचलं. 'येथे बायकांची पापे घेतली जातात.'

लिहायचं होतं 'मापे'. जन्मभर टाके घातले आणि नेमकी 'म'ची गाठ मारायची राहिली!

"पूस गं बाई ती आधी!" मी म्हणालो.

"हात लावू नकोस," बायको नातीवर डाफरली. "ती पाटी वाचून तर मी यांना झापायला दुकानात शिरले होते. झापायचं तेवढं राहून गेलं."

आणि मी आजवर सगळ्यांना सांगत आलो, की ही माझ्या रुबाबावर भाळून आत आली.