तिसरी पट्टी

तिसरी पट्टीही काळीच निघाली.

वर्षाराणीनं ती बांबूच्या काठीवर उचलून उन्हाकडं धरली. सकाळी पांढरीशुभ्र असलेली नमुन्याची सुती पट्टी आता चुलीतल्या राखेत लोळून आल्यासारखी दिसत होती. डाळिंबाच्या सालीतून पिवळा रंग निघतो, तुरटीनं तो पक्का बसतो. तीन वर्षं ती हेच करत आली होती. मग गेल्या आठ दिवसांत या डाळिंबांना झालं तरी काय?

डाळिंबाच्या रंगाचं वैर एकाशीच, लोखंडाशी. लोखंड नुसतं शिवलं तरी पिवळ्याचा काळा होतो. म्हणून तिचं पातेलं स्टीलचं आणि ढवळायला बांबू. पहिली पट्टी काळवंडली तेव्हा तिनं बोअरच्या पाण्यावर आळ घेतला आणि नळाचं पाणी भरलं. दुसरी काळवंडली तेव्हा आळ नवऱ्यावर आला. विजयसिंह शिरोलीच्या एका फाउंड्रीत कामाला. त्याच्या कपड्यांवरची लोखंडाची धूळ उडत असणार, म्हणून त्याला चार दिवस फाटकाबाहेरच शर्ट काढायला लावला. गल्ली हसली. विजयसिंहही हसला. पट्टी काही पिवळी झाली नाही.

आणि रविवारी गल्लीतल्या ऐश्वर्याची हळद. रासायनिक रंगानं त्या पोरीच्या अंगावर पुरळ उठतं, म्हणून तिच्या आईनं, राजमतीकाकींनी, तिची साडी आणि घरातल्या बायकांच्या ओढण्या झाडपाल्याच्या रंगात सांगितल्या होत्या. वर्षाराणीला मिळालेलं हे पहिलंच लग्नाचं काम. पांढरं कापड घड्या घालून अजून तसंच पडलं होतं. आज गुरुवार. आज पट्टी पिवळी निघाली नाही तर सगळं कापड परत करायचं आणि हा नाद कायमचा सोडायचा, असं तिनं ठरवलं होतं. हळदीला काळं कोण नेसणार?

विचार करून करून डोक्याचा भुगा झाला. पाणी बदललं, धूळ बंद केली. तुरटी तीच, साली त्याच. मग उरलं कोण?

उरल्या सासूबाई.

अंबूबाई सोप्यात बसून दगडानं सुपारी फोडत होत्या. हे रंगाचं काम सुरू झालं तेव्हा त्या म्हणाल्या होत्या, "कापडं शिजिवत्यात व्हय कधी? भात शिजिव की." पण अलीकडं त्यांनी कुणी न सांगता एक काम अंगावर घेतलं होतं. साली फडक्यात बांधायच्या, ते गाठोडं पातेल्यात भिजत घालायचं, आणि रंग झाला की परसात नेऊन रिकामंही त्यांनीच करायचं. वर्षाराणीला केवढं कौतुक वाटलं होतं. आता आठवलं, हे कौतुक गेल्या आठ दिवसांतलंच. पट्ट्याही तेव्हापासूनच काळ्या. काल तर पातेल्यावर वाकून त्या काहीतरी पुटपुटत होत्या.

काहीच कळत नव्हतं तेच बरं होतं, असं तिला वाटलं.

"आत्या, गाठोड्यात काय घातलंय?"

अंबूबाईंचा हात थांबला. "साली. आनि काय असतंय?"

वर्षाराणीनं गाठोडं वर ओढलं. सालींच्या मानानं ते फारच जड होतं. अंबूबाई लगबगीनं उठल्या. "ऱ्हाऊ दे, ऱ्हाऊ दे. मी सोडतो की."

"माझं काम बंद पाडायचं होतं तर तोंडानं सांगायचं!" वर्षाराणीचा आवाज पार गल्लीत गेला. डोळे भरून आले होते आणि गाठ सुटत नव्हती. शेवटी तिनं ती दातानं सोडली आणि गाठोडं फरशीवर उपडं केलं.

खण्णकन वाजलं.

सालींच्या चोथ्यात एक लांबडा खिळा होता. एक घोड्याचा नाल होता. आणि अंबूबाईंचा लोखंडी अडकित्ता होता. विजयसिंह जन्मला तेव्हा पाचवीला त्याच्या उशाखाली ठेवलेला. त्या अडकित्त्याला अंबूबाई घरात कुणाला हात लावू देत नसत.

वर्षाराणी पुन्हा गोंधळली. वाकडंच करायचं तर एक खिळाही पुरला असता. त्याला अडकित्ता कशाला?

"लग्नाचं काम मिळालं, गल्लीच्या डोळ्यावर आलं," अंबूबाई खाली बघत म्हणाल्या. "रंगाला दिस्ट लागू ने म्हणून खिळा घातला. तर कापड काळं पडलं. म्हटलं, दिस्ट जबर हाय, खिळ्याला दाद देईना. मग नाल घातला. तरी काळंच." त्यांनी पदरानं नाक पुसलं. "ह्या अडकित्त्याहून थोर लोखंड माझ्याकडं न्हाय, पोरी."

आपण मघाशी काय बोललो, ते आठवून वर्षाराणीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तिनं पातेलं धुतलं, नवं पाणी चढवलं, आणि साली व फडकं सासूच्याच पुढं ठेवलं. अंबूबाईंनी गाठोडं बांधलं. या खेपेला त्यात नुसत्या साली होत्या.

दुपारी चौथी पट्टी वर आली. पिवळीधमक.

"उतरली!" अंबूबाईंनी टाळी वाजवली. "अडकित्त्याफुडं कुनाचं चालतंय व्हय?"

लोखंडाचं वैर समजावून सांगायला वर्षाराणीनं तोंड उघडलं आणि तसंच मिटलं. अडकित्ता पुसून तिनं सासूच्या हातात दिला.

"आत्या, आता ह्यो माझ्या उशाखाली ठेवा," ती म्हणाली. "दिस्ट रंगाला न्हाय, मलाच लागलीती."