टेकाडापलीकडचा रस्ता

रॅलीत गाडी आर्वोनं चालवायची आणि पुढचं वळण शेजारी बसलेल्या केयोनं वहीतल्या नोंदी बघून ओरडून सांगायचं, यातच दोघांचे केस पिकले. टेकाडापलीकडचं काही दिसत नसे, पण केयो "दाब!" म्हणाला, की आर्वो बेधडक ॲक्सिलरेटर दाबायचा.

शर्यतीच्या शेवटच्या दिवसाआधी, संध्याकाळी सौनाच्या वाफाळत्या खोलीत घाम गाळताना आर्वोनं विचारलंच, "पुढच्या वर्षी त्या नव्या पोराच्या गाडीत बसणार म्हणे तू?"

"वेड लागलंय का तुला?" तापल्या दगडांवर पाणी ओतत केयो हसला. "तुला सोडून जातोय कुठं मी!"

आर्वोचा जीव भांड्यात पडला. सौनात खोटं बोलायचं नसतं, हे त्यांच्या देशातलं शेंबडं पोरही जाणतं.

सकाळी पेट्रोलपंपावर कॉफी घेताना रेडिओवर बातमी लागली. केयोचा त्या पोराशी करार गेल्या महिन्यातच झाला होता. आर्वोनं कप खाली ठेवला आणि गाडीत जाऊन बसला.

आघाडी केसभराची होती. जंगलातलं शेवटचं टेकाड आलं.

"दाब!" केयो ओरडला.



पलीकडे रस्ता सरळसोट होता, पण आर्वोचा पाय ब्रेकवर होता.