शंभर दाणे

"उचला, काका. अकराही पोती न्या," मुलगी म्हणाली. "शेतकरीच गेला. आता बियाणं ठेवायचं कोणासाठी?"

गिरणीवाल्याने पोत्यांना हात लावला नाही. त्याचा टेम्पो मागचं फळकं पाडून अंगणात उभा होता. त्याने एक दाणा उचलला, दाताखाली कट्‌कन फोडला आणि मान हलवली.

"तीस वर्षं मागतोय मी हा गहू. तुझा बाप म्हणायचा, एक वेळ माझी मिशी काप, पण या पोत्यांकडे बघू नकोस."

मुलगी हसली नाही. लहानपणापासून तिला या पोत्यांचा राग होता. टपोरा गहू इथे कुलपात आणि घरात खायला फुटका, चिमलेला. आता ती शहरातल्या पावाच्या कारखान्यात गव्हाची खरेदी बघायची. तिच्या एका सहीने मालगाडीभर गहू हलायचा. वडिलांना जाऊन नऊ दिवस झाले होते. शेत खंडाने द्यायचं, घराला कुलूप लावायचं, आईला बरोबर न्यायचं, असं तिने ठरवून टाकलं होतं. आई हो म्हणाली नव्हती आणि नाहीही म्हणाली नव्हती. ती स्वयंपाकघराच्या खिडकीशी नुसती बसून असायची.

"एक विचारू?" गिरणीवाला म्हणाला. "गावातली निम्मी घरं यातलंच बी नेतात. ते पिकतं, माझ्याकडे दळायला येतं, तिथून तुझ्या कारखान्यात जातं. हे आज दळून टाकलं, तर पुढच्या वर्षी सही कशावर करशील?"

"बी बाजारातही मिळतं, काका."

"मिळतं की. पण ते या मातीला ओळखत नाही." त्याने कपाळ पुसलं. "बरं, निदान पाणी तरी दे."

ती आत गेली. खिडकीच्या कट्ट्यावर गोणपाटाची एक ओली गुंडाळी पडली होती. लादी पुसायचं फडकं असावं, असं वाटून तिने ते बादलीत टाकायला उचललं.

"हळू!" आई ओरडली. "कोंब मोडतील!"

नऊ दिवसांत आईचा आवाज पहिल्यांदाच एवढा चढला होता. तिने गुंडाळी काढून घेतली आणि ओट्यावर अलगद उलगडली. दहा ओळी, ओळीत दहा दाणे. दाण्यांतून पांढरी मुळं बाहेर आली होती.

मुलीने ते लगेच ओळखलं. पेरणीच्या आधी दरवर्षी शंभर दाणे ओल्या गोणपाटात ठेवायचे आणि पाच दिवसांनी उगवलेले मोजायचे. नव्वदच्या खाली आले, तर ते बी कोणालाही द्यायचं नाही. वडिलांच्या मांडीवर बसून ती याच दाण्यांवर शंभरपर्यंत मोजायला शिकली होती.

"बाबांनी ठेवलेले?" तिने विचारलं. उत्तर हो असावं, असं तिला फार वाटलं.

"ते कुठून ठेवणार गं आता? गुरुवारी मीच ठेवले."

मुलगी ओट्याकडे बघत राहिली. मोठ्याने मोजायचे ते वडील. पण गोणपाट उलगडायचं कोण? दिवसातून तीनदा ते ओलं कोण करायचं? मळणी झाली की सुपात एकेक दाणा कोण निवडायचं? तिला आठवतील त्या सगळ्या वर्षांत तिथे बांगड्यांचे हात होते. ती मात्र मोजणाऱ्या आवाजाकडेच बघत आली होती.

आईचं बोट ओळींवरून फिरत होतं. ओठ हलत होते, आवाज नव्हता. शेवटच्या ओळीला बोट थांबलं.

"सत्त्याण्णव."

पाण्याची वाट बघून गिरणीवाला दारात येऊन उभा राहिला होता. "वहिनी," तो चाचरत म्हणाला, "पोती न्यायची म्हणते ही. शेतकरीच गेला, म्हणते."

"ऐकलं मी इथून." आईने गोणपाट पुन्हा गुंडाळलं, त्यावर ओंजळभर पाणी शिंपडलं आणि पदराला हात पुसले. मग तांब्या भरून त्याच्या हातात दिला.

"या घरात शेतकरी दोन होते," ती म्हणाली. "एक गेला. पाणी प्या आणि टेम्पो काढा अंगणातून. सोमवारी माझी पेरणी आहे."